बेलखडीची पाळकीणबाई

हे घडलं १९९१ साली, नोव्हेंबरात, बेलखडीच्या चर्चमध्ये, हंगामाच्या सणाला.

“आता पाळक आणि पाळकीणबाई यांनी पुढं यावं,” लाजरसभाऊ पारखे वेदीजवळ उभे राहून म्हणाले, आणि पहिल्या बाकावर बसलेल्या आम्हा तिघा पाहुण्यांना वाटलं, म्हातारा सवयीनं बोलून गेला.

बेलखडीला पाळकीणबाई नव्हती. असणार कुठून? तिथे पाळकच बाई होती.

सत्यवती त्रिभुवन तिचं नाव. स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा द्यावी की नाही यावर आमच्या चर्चच्या परिषदेत बारा वर्षं वाद चालला. शेवटी ठराव झाला आणि पहिली दीक्षा मिळाली ती तिला. तिच्या डोक्यावर हात ठेवला तो आमच्या ह्यांनी. रेव्हरंड प्रभाकर रणपिसे, परिषदेचे अध्यक्ष. त्या दिवशी सणाचे प्रमुख पाहुणे तेच होते. दुसरे पाहुणे परिषदेचे सचिव दानियल भांबळ, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे भांबळसर म्हणत. तिसरी मी. माझं नाव मनोरमा, पण त्या काळात ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. आधी मी राहुरीची पाळकीणबाई होते, मग श्रीगोंद्याची, मग नगरची.

आमच्यात पाळकीणबाई म्हणजे नुसती पाळकाची बायको नव्हे. स्त्रीसभा तिनं चालवायची, रविवारच्या शब्बाथशाळेची पोरं तिनं सांभाळायची, बाळंतिणीला भेटायला तिनं जायचं, मयताच्या घरी पहिला चहा तिनं करायचा, आणि उपदेश लांबला तर घरी आल्यावर पाळकाला तसं तोंडावर सांगायचंही तिनंच. पगार एकाचा, राबणारी माणसं दोन. याची भरपाई म्हणून वर्षातून एकदा, हंगामाच्या सणाला, चर्चची मंडळी तिला साडी देते. पाळकाला कापड आणि पाळकीणबाईला साडी, दोघांना जोडीनं वेदीपुढे उभं करून. साडी निवडताना टिकाऊपणा बघतात, रंग बघत नाहीत. माझ्या ट्रंकेत तोवर तीसेक साड्या जमल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या चॉकलेटी.

सत्यवती पुढे आली. उंच, सावळी, चाळिशीच्या अलीकडची. अंगात पांढरा झगा, गळ्यात दीक्षेचा पट्टा. पांढऱ्या कापडावर जोंधळ्याची कणसं हातानं भरलेली, दाणा न् दाणा सुटा दिसावा असं काम. दीक्षेच्या दिवशीच मला तो आवडला होता. लाजरसभाऊंनी तिच्या हातावर कापड ठेवलं. टाळ्या झाल्या. आता लिलावाला बाहेर जायचं म्हणून भांबळसर उठू लागले, तेवढ्यात मागच्या दाराशी बायकांची गडबड झाली.

“अगं जा की पुढं!”

“ढकला गं तिला!”

“हात तरी धुऊ द्या मला!”

बायकांनी एकीला आत आणलं. लहानखुरी, चष्मेवाली, कोपरापर्यंत बाजरीचं पीठ. गावच्या दवाखान्यातली नर्स एस्तेर चक्रनारायण. सणाच्या जेवणाच्या भाकऱ्या थापत होती ती, तिथूनच उचललेली. गावातली सगळ्यात म्हातारी सारजाबाई तिचं मनगट धरून चालली होती, सुटलेलं वासरू दाव्याला न्यावं तशी. तिनं एस्तेरला सत्यवतीच्या शेजारी उभं केलं, काखेतलं पुडकं सोडलं आणि साडी तिच्या खांद्यावर टाकली.

“आमच्या पाळकीणबाईला, मंडळीकडून,” सारजाबाई म्हणाली.

जांभळी इरकली होती ती, लाल काठाची. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिला विचार आला तो नियमाचा नव्हता, साडीचा होता.

मग तबला वाजला, झांजा वाजल्या, मंडळी उभी राहून गाऊ लागली. एस्तेरचा चेहरा पिठासारखा झाला होता. सत्यवती नाकासमोर, दारावर बांधलेल्या उसाच्या कमानीकडे बघत उभी होती.

“साहेब,” भांबळसर गाण्याच्या आवाजात हळूच म्हणाले, “जोडपं म्हणून उभं केलंय.”

“पाहिलं मी.”

“मग?”

“आधी जेवू.”

“आधी नको. जेवल्यावर ह्या लोकांचं मीठ खाल्लेलं असेल.”

आमच्या परिषदेचं धोरण त्या काळी साधं होतं. दीक्षित सेवकाचं रीतसर लग्न झालेलं असावं, नाहीतर त्यानं एकट्यानं राहावं. तिसरी गोष्ट कुणी लिहिली नव्हती, पण ती निघाली तर दीक्षा जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं. सत्यवती आणि एस्तेर तीन वर्षं एका घरात राहत होत्या. दोन एकट्या बायका, एक पाळक, एक नर्स, खेड्यातली जागेची टंचाई. कुणी काही म्हटलं नव्हतं. जोवर कुणी जोडीनं उभं केलं नव्हतं, तोवर कुणाला काही दिसायची गरज पडली नव्हती.

पाळकाच्या घराला बेलखडीत बंगला म्हणत. मिशनच्या काळातल्या दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, वर कौलं. बाहेरच्या खोलीत आम्ही बसलो. सत्यवतीनं झगा काढून खुंटीला लावला; पट्टा तेवढा गळ्यात राहिला. पाणी आणायला म्हणून ती विहिरीकडे गेली. मला वाटतं, आम्हाला बोलायला मोकळीक द्यावी म्हणूनच गेली.

“बाई,” भांबळसर मला म्हणाले, “तुम्ही जरा आत जाऊन या.”

“कशाला?”

“घर बघून या.”

“घराचं काय बघू?”

त्यांनी फरशीकडे पाहिलं. “खाटा.”

“भांबळ!” हे म्हणाले.

“साहेब, माझ्यावर कशाला रागावता? ह्या मुलीच्या दीक्षेसाठी बारा वर्षं मी भांडलो. घसा बसला माझा. आता ज्यांच्याशी भांडलो तीच माणसं परिषदेत उभी राहून म्हणतील, बघा, बायकांना पट्टा दिला की काय होतं. पुढच्या दहा मुलींची दारं लागतील. मला काही सिद्ध करायचं नाहीये. तसं काही नाही, एवढंच मला ऐकायचंय. तिनं एक वाक्य बोलावं, मी तसं इतिवृत्तात घालतो, आणि विषय मिटला.”

भांबळसर वाईट माणूस नव्हते. हे मला आजही सांगावंसं वाटतं.

मी उठून स्वयंपाकघरात गेले.

एस्तेर पातेल्यात हात बुडवून बसली होती. पीठ केव्हाच निघालं होतं, तरी हात पाण्यातच. जांभळी साडी घडी करून पिठाच्या डब्यावर ठेवलेली. दाराशी सारजाबाई पाय पसरून बसली होती.

“आजी, मला विचारायचं तरी होतं!” एस्तेर म्हणत होती.

“इचारलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस.”

“म्हणूनच विचारतात माणसाला!”

“सलाम, पाळकीणबाई,” सारजाबाई मला म्हणाली. “बसा. च्या टाकू?”

“नको. हे कुणाच्या डोक्यातून निघालं, सारजाआजी?”

“माज्याच की. तुमची परिषद एकट्या माणसाला तीन वरसांत उचलती अन् जोडप्याला सात वरसं ठिवती. खरं का खोटं?”

“खरं.”

“हिच्या पाळकाला जानेवारीत तीन भरत्यात. मंग ती जाईल बदलीवर, अन् ही हितं दवाखान्यात कुढत बसंल, न्हाईतर तिच्या मागं जाईल. ही यायच्या आदी गावात बाळंतिणी मरायच्या, बाई. माजी नात मेली. हिच्या हातची एक न्हाई गेली. आन् त्या पाळकानं माज्या पोराची दारू सोडवली, रोज सांच्याला त्येच्या म्होरं बसून. आमी बायांनी ठरावलं, ह्येंला जोडप्यात धरा म्हणावं. अध्यक्षसायेब येणारच हायेत, समोरच उभं करू. मंग कशी बदली करत्यात ते बघू.”

“पण आजी, जोडपं म्हणजे...” मला पुढचा शब्द सापडेना.

“म्हंजे काय?” म्हातारी हसली. तोंडात एकही दात नव्हता. “माज्या सासऱ्यानं दोन बायका केल्या हुत्या. म्हातारा जाईस्तवर दोगी भांडायच्या. गेल्यावर तीस वरसं एका ताटात जेवल्या. एक मेली तवा दुसरीनं बांगड्या फोडल्या. नवऱ्यासाठी फोडल्या नव्हत्या. त्या एकमेकींच्या कोण, आमी कवा इचारलं न्हाई. घर नीट चालतंय का, येवढं बघायचं. हे घर नीट चालतंय.”

“म्हणजे गावाला ठाऊक आहे?”

“गावाला डोळं हायेत.”

एस्तेरनं हात पाण्यातून काढले. तिनं हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. चष्मा कपाळावर सरकवून ती म्हातारीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

“बाई, साहेब तिला विचारतील?”

“विचारावं लागेल.”

“तिला म्हणा, मावसबहीण सांग. नाहीतर मैत्रीण, सोबतीण, काहीही.”

“तूच सांग की.”

“मी सांगून थकले. दीक्षा झाल्यापासून सांगतेय, कुणी विचारलंच तर काय बोलायचं ते. ती म्हणते, विचारत नाहीत तोवर मी होऊन बोलणार नाही, आणि विचारलं तर खोटं बोलणार नाही.” तिनं पदराला हात पुसले. “तो पट्टा भरायला मला आठ महिने लागले, बाई. दिवसभर दवाखाना आणि मग कणसं. एका दाण्याला सात टाके.”

मी परत निघाले. मधल्या खोलीचं दार उघडं होतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघत गेले.

“बघितलंत?” भांबळसरांनी विचारलं.

“हो. भाकऱ्या झाल्यात. भरीत आहे, कोंबडी शिजतेय.”

“बाई, मी खाटांचं विचारलं होतं.”

“भांबळसर, तुम्ही आमच्याकडे इतक्या वेळा मुक्कामाला उतरलात. तुमच्या घोरण्याबद्दल आम्ही कधी परिषदेला कळवलं का?”

ह्यांना हसू आलं. भांबळसरांनाही येऊ पाहत होतं, पण तेवढ्यात सत्यवती कळशी घेऊन आली.

बाहेर निंबाखाली लिलाव सुरू झाला होता. मंडळीनं वेदीपुढे वाहिलेलं सगळं, बाजरी, अंडी, कोंबड्या, वाल, एकेक करून लाजरसभाऊ पुकारत होते. खिडकीतून त्यांचा आवाज आला, “भांबळसर! भोपळा निघतोय तुमचा! मागनं म्हणू नका सांगितलं न्हाई!”

भांबळसर दर वर्षी बेलखडीचा सगळ्यात मोठा भोपळा बोली लावून नेत. ते उठले. दारात थांबले.

“मी भोपळा घेऊन येतो,” ते ह्यांना म्हणाले. “तोवर तुम्ही विचारून ठेवा. मला एकच वाक्य पुरे.”

मला तेव्हा वाटलं, भोपळ्याचा लोभ. खरं काय ते त्यांना कानांनी ऐकायचं नव्हतं, हे पुढे कळलं.

“सत्यवती, बस,” हे म्हणाले.

“बरी आहे, साहेब.” ती उभीच राहिली.

“एस्तेरबाई तुझी मावसबहीण लागते, असं कुणीतरी मला सांगितल्याचं आठवतंय.”

“कुणी सांगितलं?”

“आता नाव आठवत नाही.”

“मग त्यांनी चुकीचं सांगितलं, साहेब.”

“लांबची असेल. आपल्यात सगळे कुठून ना कुठून लागतातच.”

“ती जालन्याची, मी कोपरगावची. नातं नाही.”

“साठ!” बाहेर कुणीतरी ओरडलं. “पासष्ट!” हा भांबळसरांचा आवाज.

हे पुढे झुकले. मी त्यांना लग्नाच्या, मयताच्या, भांडणाच्या घरांत बोलताना ऐकलेलं होतं, पण इतक्या हळू कधीच नाही. “पोरी, मी दार उघडं धरलंय. तू त्यातून जा ना.”

“दार दिसतंय मला, साहेब. पण तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा काय विचारलं होतं? खरेपणानं चालशील का. मी हो म्हटलं. तेव्हा तुम्ही असं नव्हतं सांगितलं, की अडचण आली तर मावसबहीण म्हण.”

ह्यांनी डोळे मिटले, उघडले. “बरं. मग ती तुझी कोण?”

सत्यवतीनं माझ्याकडे पाहिलं. “बाई तुमच्या कोण, साहेब?”

“ही? ही माझी...”

आणि हे थांबले. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. पुढे काय म्हणतात याकडे माझे कान लागले होते, कारण तो प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रोज वापरातल्या वस्तूची कुणी अचानक किंमत विचारावी, तसं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्यांचे ओठ हलले.

“तुमच्या तोंडाशी आलंय ना,” सत्यवती म्हणाली, “तेच.”

तिनं गळ्यातला पट्टा काढला. कणसं आतल्या बाजूला येतील अशी नीट घडी घातली. ती ह्यांच्याकडे गेली नाही. माझ्यासमोर आली आणि घडी माझ्या मांडीवर ठेवली.

“तुम्ही ठेवा, बाई. साहेबांच्या हातात दिला तर त्यांना तो परिषदेत जमा करावा लागेल.”

मी पिशवी उघडली, पट्टा गीतांच्या पुस्तकाखाली सारला आणि वर रुमाल टाकला. हे खिडकीबाहेर बघत होते. बाहेर टाळ्या झाल्या, कुणीतरी भांबळसरांच्या नावानं ओरडलं.

ते भोपळा पोटाशी धरून आत आले, घामाघूम, खूश. सत्यवतीच्या मोकळ्या गळ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. ते होते तिथेच खुर्चीवर बसले, भोपळा मांडीवर तसाच.

“एक वाक्य,” ते म्हणाले. “एकच वाक्य मागितलं होतं गं, पोरी.”

“सर, तेवढंच जमण्यासारखं नव्हतं,” सत्यवती म्हणाली.

मग आम्ही जेवलो. एस्तेरनं वाढलं. भांबळसरांना दुसरी भाकरी हवी होती, ती त्यांनी मागितली नाही. तिनं न विचारता वाढली. परतताना जीपमध्ये भोपळा माझ्या आणि भांबळसरांच्या मध्ये होता.

जानेवारीत परिषद भरली आणि सत्यवतीची दीक्षा काढून घेतल्याचा ठराव झाला. अध्यक्ष म्हणून सही ह्यांची. बंगला सोडावा लागला. सारजाबाईनं आपल्या घराच्या दोन खोल्या रिकाम्या करून दिल्या आणि त्या दोघी तिथे राहायला गेल्या.

आता गंमत बघा. दीक्षा असलेल्या माणसाची बदली होते. दीक्षा गेलेल्याची कशी करणार? परिषदेनं सत्यवतीला सगळ्यातून काढलं, त्यात बदलीच्या यादीतूनही काढलं. सारजाबाईला जे हवं होतं तेच झालं, फक्त तिनं योजलं होतं तसं नाही. सत्यवती गावच्या शाळेत शिकवू लागली. एस्तेर दवाखान्यातच राहिली.

परिषदेनं बेलखडीला नवे पाळक पाठवले. मंडळी आदरानं वागवायची, पण नव्या पाळकाच्या बायकोला पहिल्याच दिवशी सांगून टाकायची, “सलाम, बाई. पाळकीणबाई आहेत आमच्याकडं.” दोन पाळक आले आणि बदली मागून गेले. तिसऱ्यानं जायलाच नकार दिला. पण प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यायला दीक्षित माणूस लागतो. कुणी तयार होईना, तेव्हा हे म्हणाले, मी जाईन.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही जायचो, स्कूटरवर, मी मागे. ह्यांचं अध्यक्षपद संपलं, निवृत्ती आली, तरी जायचो. भोजनाची भाकर एस्तेर भाजायची. रांगेत सत्यवती यायची, दोन्ही हात पुढे करायची, हे त्यावर तुकडा ठेवायचे. तिच्या मागे एस्तेर. ह्यांनी ज्या हातानं सही केली होती, त्याच हातानं. त्यावर आम्ही घरी कधी बोललो नाही. हे हळूहळू परतीच्या वाटेवर गाणं गुणगुणायचे बंद झाले, इतकंच मला दिसलं.

२००८ साली परिषदेच्या सकाळी हे कोट घालता घालता म्हणाले, “मनोरमा, तो पट्टा आहे ना?”

सतरा वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

“आहे.”

“कसर नाही ना लागली?”

“दर वर्षी साड्यांबरोबर ऊन देते.”

त्यांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी परिषदेत उभं राहून धोरण बदलण्याचा ठराव मांडला. दीक्षित सेवक कुणाबरोबर घर करतो यावरून त्याची दीक्षा काढू नये, एवढाच. नऊच हात वर आले, ठराव पडला. भांबळसरांचा त्यात नव्हता. संध्याकाळी ते नेहमीसारखे आमच्याकडे चहाला आले, आणि जाताना मला म्हणाले, “बाई, तो पट्टा दप्तरात जमा व्हायचा राहिलाय.”

“शोधतेय, भांबळसर,” मी म्हणाले. हे उत्तर मी त्यांना दर दोन-चार वर्षांनी देत आले होते.

हे २०१४ साली गेले. शेवटच्या महिन्यात, दवाखान्यात, एका शिकाऊ नर्सनं माझ्याकडे बोट करून त्यांना विचारलं, “बाबा, ह्या कोण?” तिला फक्त शुद्ध आहे का ते बघायचं होतं. ह्यांनी उत्तर द्यायला खूप वेळ घेतला. नर्सनं कागदावर काहीतरी लिहिलंही. मग म्हणाले, “माझं अर्धं काम हिनं केलं.”

त्यानंतर मी पुण्याला मुलीकडे आले. इथे सोसायटीत सगळे आजी म्हणतात.

सारजाबाई १९९८ साली गेली. पाय चेपायला एस्तेर होती, शास्त्रवचन वाचायला सत्यवती. लाजरसभाऊ लिलाव पुकारता पुकारता एका सणाला खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत. त्यांची सून आता मंडळीची पंच आहे. भांबळसर २०१९ साली वारले. शेवटपर्यंत ते बदलाच्या विरोधातच राहिले. आणि शेवटपर्यंत दर वर्षी बेलखडीला जाऊन भोपळा घेत आणि एस्तेरच्या हातचं जेवून परत येत राहिले. माणसाचं असं असतं.

ठराव शेवटी २०२२ साली मंजूर झाला. तरुण माणसांनी मांडला, त्यातल्या निम्म्यांना बेलखडी कुठे आहे हेही ठाऊक नव्हतं. दीक्षेची अट गेली. शिवाय, कायदा काही म्हणत नसला तरी दोन बायकांनी किंवा दोन पुरुषांनी एकमेकांना वचन दिलं, तर मंडळीनं चर्चमध्ये त्यांच्यावर आशीर्वाद मागावा, असंही ठरलं. ज्यांच्या दीक्षा गेल्या होत्या त्यांना त्या परत द्यायच्या होत्या. अशी जिवंत व्यक्ती एकच होती.

पण सत्यवतीला तोवर अर्धांग झालं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

पुढच्या हंगामाच्या सणाला मुलीनं मला गाडीतून बेलखडीला नेलं. पिशवीत पट्टा होता, थोडा पिवळा पडलेला. चर्चला आता पत्रे आहेत, दारावरची उसाची कमान तशीच.

“पाळक आणि पाळकीणबाई यांनी पुढं यावं,” लाजरसभाऊंची सून म्हणाली.

एस्तेरनं चाकाची खुर्ची ढकलत पुढे आणली. सत्तरी ओलांडलेली, वाकलेली, चष्मा दोरीनं बांधलेला. नव्या अध्यक्षांनी प्रार्थना केली आणि मला खूण केली. मी पट्टा सत्यवतीच्या गळ्यात घातला. ती समोर बघत होती. तिला कळलं की नाही, मी सांगू शकत नाही.

एस्तेर खाली वाकली, बघितलं.

“बाई, उलटा घातलात की,” ती म्हणाली. “कणसं आत गेली.”

तिनं तो काढला, झटकला, सुलटा करून परत घातला आणि दोन्ही टोकं सारखी केली. सत्यवतीचा डावा हात मांडीवरून उठला, पट्ट्यापर्यंत गेला आणि अंगठा एका कणसावर फिरू लागला, दाणा न् दाणा चाचपत.

टाळ्या झाल्या. मग बायकांनी एस्तेरच्या हातात पुडकं दिलं. तिनं दोरा सोडला, कागद उलगडला, साडी पाहिली आणि माझ्याकडे बघितलं.

चॉकलेटी होती.